बॉनेटचा पीळ

आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना काटतात. (नगरचं अहिल्यानगर झालं, पण ड्रायव्हरच्या तोंडी अजून नगरच आहे.) त्यामुळे या चौकाच्या आसपास कुठलंही वाहन येऊन बंद पडू शकतं. माळशेज चढून आलेला, क्लच जळाल्याचा वास सोडणारा टेम्पो, कांद्याच्या गोण्यांखाली कमानपाटा मोडलेला ट्रक, लग्नाच्या वऱ्हाडाची जीप. ज्याचं जे मोडतं त्याचा दुरुस्त करणारा इथे शे-दोनशे पावलांत सापडतो. रेडिएटरवाला वेगळा, पाटेवाला वेगळा, डायनामो-सेल्फवाला वेगळा. पत्रा ठोकणारे तर किती तरी आहेत. फायबरचं काम करणारे मात्र मोजके, आणि त्यातही वाकडं झालेलं फायबर सरळ करून देतो म्हणणारा आणखी विरळ.

फायबर म्हणजे काचतंतू आणि रेझिन यांचा थर. बोलताना सगळे नुसतं फायबरच म्हणतात. जुन्नर-आंबेगावात ते कुठे नाही? जीपचं हार्डटॉप, ट्रॅक्टरवरचं छत, लक्झरी बसचा पुढचा नि मागचा ‘शो’, मिरवणुकीचे रथ, चौकातले पुतळे. या कामात हात बसलेला मिस्त्री ट्रॅक्टरचं फुटलेलं छत दुपारपर्यंत जोडून देतो. तुटलं-फुटलं सोपं असतं, कारण काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं. अवघड असतं ते न तुटता वाकडं झालेलं.

अशाच एका शेडमध्ये दोन घोड्यांवर एक बॉनेट आडवं ठेवलेलं होतं. गाडी सिपानी डॉल्फिन. आजच्या तिशीतल्या वाचकाने हे नाव ऐकलेलं असण्याची शक्यता कमी, म्हणून थोडं मागे जायला हवं.

१९८२ साली हिंदुस्थानात मोटार घ्यायची म्हणजे अॅम्बेसेडर घ्यायची किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून येणारी प्रीमियर पद्मिनी. त्याही पैसे भरून, नंबर लावून. त्या काळात बंगळुरूच्या सिपानी कंपनीने डॉल्फिन नावाची छोटी दोन दारांची मोटार आणली. ती मूळ इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची किटन. इंजिन ८४८ सीसीचं, चासी लोखंडी आणि वरचं सगळं अंग फायबरचं. याच घराण्यात आधी बादल नावाची तीनचाकी मोटार होऊन गेली होती, तीही फायबरचीच.

फायबरच का, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. पत्र्याची मोटार काढायची तर एकेका भागासाठी प्रचंड प्रेस आणि पोलादी डाय लागतात. हजारोंनी गाड्या विकल्या तरच तो खर्च निघतो. फायबरला एक साचा, काचतंतूंच्या मॅटचे गठ्ठे, रेझिनचे ड्रम आणि माणसांचे हात पुरतात. म्हणून जगभर छोट्या कारखानदारांनी हाच रस्ता धरला. बड्या कंपनीनेही एकदा धरला. जनरल मोटर्सची पहिली शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३च्या जूनमध्ये मिशिगनमधल्या फ्लिंटला बाहेर पडली, तीही फायबरच्या अंगाची. त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या झाल्या, सगळ्या हाताने जुळवलेल्या आणि सगळ्या पांढऱ्या. आपल्याकडे १९९८च्या सुमारास सॅन स्टॉर्म नावाची उघड्या टपाची दोन आसनी गाडी आली, ती फायबरची. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने रोडस्टर बांधली, तीही फायबरची, आणि आत अॅम्बेसेडरमधलंच १.८ लिटरचं इसुझू इंजिन. कोकणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या होड्या लाकडाच्या फायबरच्या झाल्या होत्याच. होडी काय नि मोटार काय, साचा बदलतो, हात तेच.

डॉल्फिनचं नशीब मात्र १४ डिसेंबर १९८३ला फिरलं. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डॉल्फिन रॅली आणि शर्यतींमध्ये काही वर्षं गाजली, कारण अंगाने हलकी होती. चार दारांची मोंटाना निघाली. पण घराघरात मारुती गेली. सिपानीचा कारखाना बंद झाला आणि सुटे भाग मिळणं त्याच्याबरोबर संपलं.

म्हणून घोड्यांवरचं ते बॉनेट महत्त्वाचं. ते बदलून दुसरं आणता येत नाही.

त्याचं दुखणं असं होतं: गाडीवर बसवलं की उजवा कोपरा बरोबर बसे आणि डावा बोटभर वर राही. डावा दाबून बसवला की उजवा उठे. कामगारांच्या भाषेत याला पीळ म्हणतात. गाडीचे मालक, ज्यांना मिस्त्री तात्या म्हणत होता, त्यांना आधी एका ठिकाणी सल्ला मिळाला होता की वरून लांबी भरून लेव्हल करून टाकू. लांबी म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायची पुट्टी. तात्यांनी तो सल्ला मानला नाही हे त्या बॉनेटचं भाग्य. बोटभर जाडीची लांबी ही लांबी राहत नाही, ते ओझं होतं. बॉनेट आपटलं की तडकतं, एका पावसाळ्यात कडा सुटतात, आणि रंगाखाली नकाशा उमटतो.

“आधी बघायचं, वाकडं कोण आहे,” मिस्त्री म्हणाला. “बॉनेट का गाडी?”

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. फायबरचा भाग लोखंडाला बोल्टने धरलेला असतो. चाळीस वर्षांत बिजागरी झिजते, चासीवरचा ब्रॅकेट गंजतो, कुणीतरी मधले वॉशर गाळून टाकतो. मग सरळ बॉनेटही वाकडं बसतं. म्हणून पहिलं काम पाना घेऊन सगळे बोल्ट सोडणं. भाग मोकळा करून सपाटीवर ठेवायचा आणि रात्रभर राहू द्यायचा. मोकळा झाल्यावर तो सरळ झाला तर दोष धरणाऱ्याचा. तसाच वाकडा राहिला तर दोष त्याचा स्वतःचा.

इथे बॉनेट वाकडंच राहिलं. मिस्त्रीने दोन दोरे घेतले, गवंडी वापरतात तसलं पांढरं सूत. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक, दुसऱ्यातून दुसरा. चारही कोपऱ्यांवर सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून त्यांवरून दोरे ताणले. भाग सरळ असता तर मध्यावर दोरे एकमेकांना टेकले असते. इथे दोघांमध्ये करंगळी जात होती. लाखो रुपयांचं यंत्रही याहून वेगळं काही सांगणार नाही, फक्त छापील कागदावर सांगेल.

मग त्याने खिशातून रुपया काढला आणि बॉनेटभर टकटक करत गेला. बहुतेक ठिकाणी आवाज कोरडा, खणखणीत. मधल्या कण्याजवळ वितभर जागेत तो बसका झाला. तिथे आतले थर एकमेकांपासून सुटले होते. आळ्याला ज्ञानदेवांच्या वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे, तेव्हा या गावच्या मिस्त्रीशी बॉनेट बोललं तर नवल कसलं! खडूने त्या जागेभोवती गोल काढला गेला.

फायबर न तुटता वाकडं का होतं? तात्यांनाही तेच विचारायचं होतं. पॉलिएस्टर रेझिन पातळ असतं. त्यात शेकडा एक ते दोन टक्के हार्डनर घातला की त्याच्या साखळ्या एकमेकींत अडकतात आणि ते घट्ट होतं. घट्ट होताना त्याचं आकारमान सुमारे सात-आठ टक्के आटतं. काचेचे तंतू आटत नाहीत. एका बाजूला जाड थर, दुसऱ्या बाजूला पातळ, किंवा वरचा जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, गरजेपेक्षा जाड असेल तर दोन बाजू वेगवेगळ्या आटतात. एका अंगाने लवकर सुकलेला पापड जसा वळतो तसा तो भाग वळायला बघतो. साच्यात अडकलेला असतो तोवर वळत नाही. साच्यातून घाईने काढला, पूर्ण पिकलेला नसताना काढला, की ओढ आत राहून जाते. कारखान्यात साचा एकच आणि मागणी ढीगभर असेल तर घाई होतेच.

पुढची कामगिरी आपलं ऊन करतं. साध्या पॉलिएस्टर रेझिनला ६०-७० अंश सेल्सियसला ढिलेपणा येऊ लागतो. वैशाखात बंद गाडीचं गडद रंगाचं बॉनेट सहज तिथवर तापतं. कॉर्व्हेट पांढरी होती, त्यामागचं कारण काही असो, पण फायबरच्या गाडीला आपल्या देशात पांढरा रंग शहाणपणाचा. तात्यांची डॉल्फिन मधल्या कुठल्याशा मालकाने गडद निळी केलेली, आणि नंतर ती अनेक वर्षं गोठ्याच्या पत्र्याखाली होती. बॉनेट काढून भिंतीला तिरकं टेकवलेलं. वर तापलेला पत्रा, खाली एका कोपऱ्यावर सगळा भार. आत राहिलेल्या ओढीला ऊब मिळाली आणि भाराने दिशा दिली. पीळ तिथे पडला.

मला या ठिकाणी खोडद आठवल्याशिवाय राहत नाही. आळेफाट्यापासून ते फार लांब नाही. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जड पत्र्याऐवजी स्टीलच्या तारांची जाळी दोरांवर ताणून त्या थाळ्यांना आकार दिला. तिथे ताण मोजून-मापून दिला म्हणून आकार टिकतो. फायबरमध्ये ताण न मागता येतो आणि आकार बिघडवतो. एकाच तालुक्यात ताणाची दोन्ही रूपं बघायला मिळतात, याची दखल तालुक्याने घेतलेली दिसत नाही.

आता दुरुस्ती. पत्रा असता तर हातोडी आणि डॉली घेऊन बसता आलं असतं, कारण पत्रा वाकवला की वाकलेलाच राहतो. फायबरला हातोडी मारली तर ते परत जागेवर येतं किंवा तडकतं. “पत्र्याला मार कळतो. याला फक्त ऊब कळते,” मिस्त्री म्हणाला.

तीही बेताची. हे रेझिन एकदा पिकलं की पुन्हा वितळत नाही. विजेवरच्या रेवासारख्या गाडीचं प्लास्टिकचं अंग, म्हणजे एबीएस, तापवलं तर मऊ होऊन वाहू लागतं. फायबर फक्त लवचिक होतं. आणखी तापवलं तर पिवळं पडतं, फोड येतात आणि शेवटी जळतं. म्हणून ज्योत कधीच नाही. गॅसची बत्ती घेऊन कुणी तुमच्या बॉनेटकडे येऊ लागला तर बॉनेट उचला आणि घरी जा.

आधी रंग काढला गेला, हाताने, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने. रंग उतरवायचं केमिकल पत्र्याला चालतं. फायबरवर ते रंगाबरोबर जेलकोटही खातं. निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली मूळचा पिवळा. मूळ रंग दिसल्यावर तात्या पुढे झाले आणि तिथल्या तिथे म्हणाले, हाच रंग परत द्यायचा.

मग लाकडाची चौकट झाली. बॉनेटच्या खालच्या अंगाला हवा तो आकार कापलेल्या फळ्या, आणि तो आकार गाडीच्या तोंडावरून पुठ्ठ्यावर उतरवून घेतलेला. या चौकटीवर बॉनेट ठेवून हॅलोजनचे दोन दिवे मागच्या बाजूने लावले. बंदुकीसारखा थर्मामीटर दर काही मिनिटांनी फिरत होता. साठ, पासष्ट, सत्तर. सत्तरच्या जरा वर गेल्यावर वर उठलेल्या कोपऱ्यावर मिस्त्रीने पंजा ठेवून दाबलं. मघाशी अडून बसलेला कोपरा आता खाली जाऊ लागला. हवा होता त्यापेक्षा दोन सुतं जास्तच खाली नेला, कारण सोडल्यावर तो थोडा परततो. सी-क्लॅम्प लागले, मधल्या फुगवट्यावर वाळूची पोती ठेवली. दिवे बंद केले आणि शेडचं दार ओढून घेतलं. गार होईपर्यंत हात लावायचा नाही, हा या कामातला सगळ्यात कठीण भाग. कोमट असताना क्लॅम्प सोडला की केलेलं सगळं वाया जातं.

पुष्कळ जण इथेच थांबतात. सकाळी भाग सरळ दिसतो, रंग मारतात, गिऱ्हाईक खूश. पुढच्या वैशाखात पीळ परत. तापवून सरळ केलेला भाग पुन्हा तापला की जुन्या वाटेने जाऊ बघतो. त्याला नव्या जागी बांधून ठेवणारं काहीतरी मागून द्यावं लागतं. माझ्या मते खरी दुरुस्ती इथून सुरू होते, आणि ती गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, कारण ती बॉनेटच्या पोटात असते.

भाग चौकटीवर क्लॅम्पमध्येच ठेवून मागचं अंग ३६ नंबरच्या खरखरीत पेपरने घासलं. चकाकी जाऊन तंतू दिसेपर्यंत. सुटलेले थर कापून काढले आणि भोवतालची कड उताराने घासली. जाडीच्या बारा पट उतार हवा, म्हणजे तीन मिलिमीटरच्या अंगाला छत्तीस मिलिमीटर. तेवढी पकड नसेल तर नवा तुकडा जुन्याला चिकटलेला दिसतो, धरलेला नसतो. मग अॅसिटोनने पुसून मॅट. एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची मॅट घेतली तर तिला साधारण अकराशे ग्रॅम रेझिन लागतं. ब्रशने रेझिन जिरवायचं आणि रोलरने हवा काढायची. पांढरी मॅट पारदर्शक झाली की समजायचं भिजली.

एका वेळी एकच थर, फार तर दोन. चार थर एकदम चढवले तर घट्ट होताना उष्णता इतकी वाढते आणि आटणं इतकं होतं की ज्याला सरळ करायला बसलो त्याला आपणच नवा पीळ देतो. नव्या कारागिराची घाई इथे उघडी पडते. उभारीसाठी मधे पट्ट्या दिल्या, फोमच्या पट्टीवर मॅट गुंडाळून. फोम न घालता कडक पट्टी थेट चिकटवली तर तिची रेघ काही महिन्यांनी वरच्या रंगातून दिसू लागते, म्हणून तो मऊ गाभा.

या कामाला ऋतूही लागतो. पावसाळ्यात माळशेजकडून येणारी दमट हवा मॅटमध्ये शिरते आणि चिकट राहिलेला थर कधी धड पिकत नाही. थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली गेला की हार्डनर झोपतो. १५ अंशांखाली काम काढूच नये. काढलं की कारागीर घाबरून हार्डनर वाढवतात आणि दुपारी तेच रेझिन डब्यातच धूर काढतं. दिवाळी ते होळी, सकाळी दहानंतर, हा फायबरवाल्याचा हंगाम.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण शेडमध्ये शिकणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची असतात. रेझिनमध्ये कोबाल्ट नावाचं जांभळं द्रावण आधी मिसळलेलं असतं, हार्डनर नंतर. हे दोन्ही एकाच डब्यात थेट एकत्र केले तर भडका उडतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. ताबडतोब पाण्याने धुवायचा, बराच वेळ, आणि दवाखाना गाठायचा. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. मास्क आणि चष्मा यांचा खर्च बिलात लावा, गिऱ्हाईक कटकट करणार नाही. केली तर ते गिऱ्हाईक सोडा.

कधी कधी एवढं करूनही भाग वळत नाही. मग अंगावर आडवे काप घ्यायचे, सरळ करायचा आणि काप पुन्हा आतून-बाहेरून सांधायचे. तेही जमत नसेल तर दुसऱ्या मालकाच्या धडक्या बॉनेटवर चिकटू नये म्हणून मेण आणि पीव्हीए लावून साचा काढायचा. त्यासाठी असे मालक एकमेकांना माहीत असावे लागतात. या बॉनेटला मात्र काप लागले नाहीत. क्लॅम्प सुटल्यावर दोरे पुन्हा ताणले, तेव्हा मध्यावर एक दुसऱ्याला घासत होता. मग ते काही दिवस उन्हात चौकटीसकट ठेवलं, रेझिनमधल्या स्टायरीनचा वास जाईपर्यंत. वास येतोय म्हणजे आत काहीतरी अजून पिकतंय. तशा अंगावर रंग मारला तर फुगे येतात. शेवटी लांबी लागलीच, पण कागदाएवढी.

मजुरी किती, हे मी छापत नाही. दोघांनीही तसं सांगितलं आहे. एवढं खरं की पत्र्याच्या हिशेबाने ती जास्त वाटते आणि तासांच्या हिशेबाने कमी.

लोक विचारतात, एवढा खटाटोप कशाला, पत्र्याचं बॉनेट ठोकून घ्या की. दोन कारणं आहेत. पहिलं भंगाराचं. लोखंड किलोवर जातं, अॅल्युमिनियम त्याहून चढ्या भावाने. फायबर भंगारवाला उचलतच नाही, कारण ते वितळून दुसरं काही होत नाही. ते ओढ्यात पडतं किंवा शेतात जाळलं जातं, आणि त्या धुरात जे असतं ते कुणाच्याही पोराने हुंगू नये.

दुसरं कारण कायद्याचं. केंद्र सरकारने २०२१च्या जुलैमध्ये जुन्या मोटारींसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते आणि तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, पुन्हा नोंदणीचं ५ हजार. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. डॉल्फिनला पत्र्याचं तोंड लावलं तर या अटीपुढे ती लंगडी पडेल.

तेव्हा ज्यांच्या गोठ्यात, माळ्यावर किंवा वाड्याच्या मागच्या पडवीत असा एखादा फायबरचा दरवाजा, डिकी किंवा बॉनेट टेकवून ठेवलेलं असेल, त्यांनी ते आजच आडवं करावं, चार ठिकाणी सारखा आधार द्यावा आणि तापत्या पत्र्यापासून दूर न्यावं. १९८२ची डॉल्फिन २०३२मध्ये पन्नास वर्षांची होते.